बारा आहेत, पण बारावं नाही

आमच्या मोजमापाच्या मशीनचं सॉफ्टवेअर मायक्रॉनमध्ये बोलतं. भोकाचा व्यास टॉलरन्सबाहेर, म्हणजे चालेल त्या फरकाबाहेर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने गेला तरी ते लालबुंद होतं. अशा काटेकोर प्राण्याला व्हीबीए भाषेतल्या स्क्रिप्टमधून, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममधून, विचारावं, ‘फीचर्स (मोजलेले आकार) किती?’ ते म्हणतं, ‘बारा.’ ‘मग बारावं दाखव.’ उत्तर: ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज.’ एरर ९, म्हणजे असा क्रमांकच नाही.

कारण मोजणी शून्यापासून. शेवटचं ते अकरावं. बरं, शून्य तर शून्य, घेतली असती सवय लावून. पण त्याच सॉफ्टवेअरमधली शेजारची यादी एकापासून सुरू होते. एक्सेलच्या रेंजमधून उचललेला अ‍ॅरेही (क्रमांक लावलेली रांग) एकापासून, आणि ‘स्प्लिट’ने तोडलेला मजकूर शून्यापासून. वर ‘ऑप्शन बेस १’, म्हणजे ‘मोजणी एकापासून’, लिहून दटावलं तरी स्प्लिट ढिम्म. म्हणून अ‍ॅरे दिसला की आधी एल-बाउंड, यू-बाउंड, म्हणजे पहिला आणि शेवटचा क्रमांक, विचारायचं, मग पुढचं बोलायचं.

कलेक्शनमध्ये, म्हणजे अशा यादीत, कोण बसलंय हाही प्रश्नच. नाव ‘कमांड्स’, आत वर्तुळ, रेषा, प्रोब (मोजणारं टोक) बदलण्याची सूचना आणि कुणीतरी लिहिलेली कॉमेंट, सगळे मांडीला मांडी लावून. लूप, म्हणजे यादीतल्या एकेकाकडे जाणारा कोड, आपला प्रत्येकाला व्यास विचारत सुटतो. वर्तुळ सांगतं. कॉमेंट बिचारी काय सांगणार? एरर ४३८, म्हणजे ‘हे माझ्याकडे नाही’. आधी टाइप तपासावा, हे शहाणपण मदतपुस्तिकेत शोधू नये.

नावाने हाक मारली तर आणखी गंमत. व्हीबीएच्या कलेक्शनमध्ये नुसता ३ म्हणजे तिसरा, अवतरणचिन्हातला ‘३’ म्हणजे त्या किल्लीचा, म्हणजे ते नाव दिलेला, मग तो कुठेही असो. डिक्शनरी, ही किल्लीने चालणारी यादी, तर याहून सोशिक. नसलेल्या किल्लीची चौकशी केली की ती तक्रार करत नाही, गुपचूप त्या नावाचा रिकामा कप्पा करून ठेवते. म्हणजे नुसत्या विचारपुशीने संख्या वाढते! किल्ली आहे का एवढंच विचारणारं ‘एक्झिस्ट्स’ आहे त्यासाठी, पण ते आठवतं कप्पे वाढल्यावर.

नको ती फीचर्स पुढून मागे काढत गेलं तर एकाआड एक शिल्लक राहतात. रांगेतला एक बाहेर पडला की मागचे पुढे सरकतात, आणि लूपही त्याच वेळी पुढे सरकलेला असतो. म्हणून शेवटाकडून सुरुवात करायची.

या सगळ्यावर शेजारच्या सहकाऱ्याकडे रामबाण आहे. ‘अरे, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट टाक की! एकही एरर येत नाही.’ खरंच येत नाही, कारण कोड चुकलेली ओळ सोडून पुढे जातो. व्यास मिळाला नाही की आकडा धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या भोकाचा तसाच राहतो आणि अहवालात निमूट उतरतो. त्याच्या अहवालात सगळी भोकं ओळीने हिरवी, व्यास शेवटच्या मायक्रॉनपर्यंत एकसारखे. तो साहेबांना दाखवत होता, ‘बघा, मशीन काय सुंदर रिपीट करतंय!’