विकतचा गंज

कोकणात गंज फुकट मिळतो. जूनमध्ये कोयती पडवीबाहेर विसरा, गणपतीपर्यंत तांबूस होऊन बसते. इथे पेनसिल्व्हेनियात तोच गंज बंदुकीच्या नळीवर रंग म्हणून चढवायला मी बाटलीतलं द्रावण विकत आणतो आणि बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब धरणारी लाकडी पेटी बांधतो. आत पाण्याचा ट्रे, वर बल्ब.

ठासणीची बंदूक इथे ‘कोरी’ मिळते. चाप, नळी, दस्ता सगळं जुळवलेलं, पण लाकडाला रंग नाही की पोलादाला पुटं नाहीत. घाट अठराव्या शतकातल्या इथल्याच लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांचा. ४२ इंची अष्टकोनी नळी, लहरी रेषांचा मेपल. विकणारा म्हणतो, थोडंसं फिनिशिंग राहिलंय. बिल्डरही ताबा देताना हेच म्हणतो.

नळी बारीक पिनांनी दस्त्यात अडकवलेली असते. पिन ज्या बाजूने काढली त्याच बाजूने परत घालायची, नाहीतर भोकाच्या तोंडाशी ढलपी उडते. नळी निघाली की दस्त्याचा पुढचा भाग म्हणजे पोह्याचा पापड. एका टोकाला धरून उचललात तर कडाड!

दस्त्यावरच्या पितळी पट्टीभोवती घासताना पट्टी जागेवरच ठेवावी आणि पॉलिशपेपरमागे लाकडी ठोकळा धरावा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ लाकूड खाली जातं आणि पितळ ओठासारखं पुढे येतं. मग ओलं फडकं फिरवायचं. वाळताना लाकडाचे तंतू चार दिवसांच्या दाढीसारखे उभे राहतात, ते २२० नंबरने उतरवायचे. असं दोन-तीनदा. एकदाच करून भागवलंत तर दाढी रंगाबरोबर वाढते.

रंग म्हणजे नत्राम्लात विरघळवलेलं लोखंड. हातमोजे हवेत, काम उघड्यावर हवं. लावताच दस्ता काविळीसारखा दिसतो आणि पोटात गोळा येतो. धीर धरून गरम हवा फेकणारी हीट गन फिरवली की तपकिरी उमटतो आणि लहरी जाग्या होतात. गन एका जागी थांबली की तिथे काजळ. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं. उरलेलं आम्ल आतल्या स्क्रूंना गंजवतं, म्हणजे नको तिथे.

जवसाचं तेल उकळलेलंच घ्यावं, कच्चं आठवडाभर चिकटच राहतं. तळहाताने पातळ चोळावं, पंधरा मिनिटांनी पुसावं. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, आपोआप पेटतात. दोरीवर सुट्या वाळत घालाव्यात.

आता नळी. दोन्ही भोकं बुजवून अॅसिटोनने पुसायची, मग उघडा हात लावायचा नाही. अंगठ्याचा ठसा पुढे सातबाऱ्यावर उठावा तसा उठतो. द्रावण एकाच हाताने सरळ ओढायचं. सुटलेली जागा दिसली तरी मागे फिरायचं नाही, नाहीतर गुलाबी चट्टे पडतात. पेटीत काही तास, मग जाड कापडाने भुकटी झाडायची, पुन्हा द्रावण. सहा-आठ फेऱ्यांनी आलुबुखाऱ्याचा रंग येतो. तो आला की गरम सोड्याच्या पाण्याने धुवायचं, कोमट असतानाच तेल द्यायचं.

आणि बंदूक तळघरात टांगून हवा कोरडी करणारं यंत्र चालू करायचं. गंज चढू नये म्हणून.