दात कोरून पोट भरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेतली राज्यं गरिबांच्या मेडिकेड योजनेवरचा खर्च कसा आवरतात, हा लेखाचा विषय होता. 'रुग्णाच्या उपचारांवर कुठलीही मर्यादा नको' असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. तुमचं म्हणणं: राज्याकडे पैशाचं झाड नाही, फुकट मिळालं की माणूस गरज नसताना घेतो, त्यामुळे थोडी फी आणि थोडी मर्यादा हवीच. ती नाकारणं हा भाबडेपणा आहे.

पैशाचं झाड नाही, हे पूर्ण मान्य. केंद्र सरकार कर्ज काढून वेळ निभावू शकतं, पण जवळजवळ सगळ्याच राज्यांना दरवर्षी जमाखर्च जुळवावा लागतो. मंदीत करांचं उत्पन्न घटतं आणि नेमकी तेव्हाच नोकरी गेलेली माणसं मेडिकेडच्या दारात येतात. मात्र यात एक मेख आहे. मेडिकेडच्या उपचारांचा निदान निम्मा खर्च केंद्र उचलतं. म्हणजे राज्याला स्वतःचा एक डॉलर वाचवायचा तर किमान दोन डॉलरचे उपचार कापावे लागतात. राज्याच्या अंदाजपत्रकात जेवढी बचत दिसते, त्याच्या निदान दुप्पट कपात रुग्णाच्या अंगावर येते.

आता मर्यादेकडे वळतो. १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने ठरवलं की मेडिकेडच्या रुग्णाला महिन्याला तीनच औषधांचे पैसे मिळतील. अकरा महिन्यांनी हा नियम मागे घेतला गेला. संशोधक स्टीफन सूमराय आणि सहकाऱ्यांनी त्या काळातल्या नोंदी तपासल्या आणि असा नियम नसलेल्या न्यू जर्सीशी ताडून पाहिल्या. अनेक औषधं घेणाऱ्या आजारी वृद्धांचं नर्सिंग होममध्ये (म्हणजे तिथे राहून कायमची शुश्रूषा घ्यायच्या संस्थेत) दाखल होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं. नियम उठल्यावर औषधं पूर्वीसारखी सुरू झाली, पण नर्सिंग होममध्ये गेलेली माणसं बहुतेक घरी परतली नाहीत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा हिशेब १९९४ मध्ये छापून आला: औषधांवर जेवढे पैसे वाचले, त्याच्या सतरा पट मानसोपचारांवर जादा खर्च झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणायचं?

हे आकडे मला कोरडे वाटत नाहीत, कारण मी काही वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाच डब्या समोर मांडल्या आणि शांतपणे विचारलं, "यातली कुठली सोडली तर चालेल?" पाचही घ्यायला पैसे पुरत नव्हते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच एक डबी बाजूला सरकवली. ती लघवी होण्याची गोळी होती. ती घेतली की बसमध्ये पंचाईत होते, म्हणाले. हृदय कमजोर झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठू नये म्हणून दिलेली ती गोळी, पाचांतली सगळ्यात स्वस्त. महिन्याभराने त्यांची मुलगी एकटीच आली. वडील रुग्णालयात होते, पाय सुजलेले आणि झोपलं की धाप लागायची. मर्यादा घातली की माणूस निरुपयोगी उपचार टाळतो, असं आपण गृहीत धरतो. खरं तर तो जे सोडणं त्याला सोपं वाटतं ते सोडतो.

फीबद्दल मात्र तुम्ही अर्धे बरोबर आहात. न्यू हॅम्पशायरने नंतर प्रत्येक औषधामागे एक डॉलर फी लावली, तेव्हा आधीचं नुकसान दिसलं नाही. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या, रँड या संशोधन संस्थेच्या आरोग्य विम्यावरच्या मोठ्या प्रयोगातही, पदरचे पैसे भरावे लागल्यामुळे बहुतेकांची प्रकृती बिघडली नाही. पण लोकांनी गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार जवळपास सारखेच कमी केले, आणि रक्तदाब असलेल्या गरिबांना त्याचा फटका बसला. मेडिकेडमध्ये नेमके हेच लोक असतात. शिवाय डॉलर-दोन डॉलरच्या फीतून राज्याची तूट भरून निघेल? दात कोरून पोट भरत नाही.

पैसा जिथे खरोखर जातो तिथे हात घालायला हवा, आणि मेरीलँड राज्याने तो घातला. १९७१ च्या कायद्याने तिथे रुग्णालयांचे दर ठरवणारा आयोग आला. १९७७ पासून सरकारी योजना असो की खासगी विमा, एकाच रुग्णालयात सगळ्यांना दर जवळपास एकच. २०१४ मध्ये ते पुढे गेले आणि रुग्णालयाचं वर्षाचं उत्पन्न आधीच ठरवून टाकलं. यामुळे गणितच फिरतं. प्रत्येक भरतीमागे पैसे मिळतात तेव्हा रिकामी खाट म्हणजे तोटा. उत्पन्न ठरलेलं असेल तर घरी पाठवलेला रुग्ण पंधरा दिवसांत परत येणं हा तोटा, मग त्याला फोन करून गोळ्या घेतोय ना हे विचारणं रुग्णालयाच्याच फायद्याचं ठरतं. पाच वर्षांत मेडिकेअरचे (ही मुख्यतः वृद्धांसाठीची केंद्राची योजना) ३३ कोटी डॉलर वाचवायचं ठरलं होतं, त्याहून बरेच जास्त वाचले. सगळं गोड नाही. मेरीलँडमधल्या आपत्कालीन विभागांत ताटकळण्याचा वेळ देशात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, आणि त्याकडे डोळेझाक करता येणार नाही.

तुमचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. मर्यादाच नको म्हणणारा प्रामाणिक नाही, असं तुम्ही लिहिलंत. ओरेगन राज्याने १९८७ मध्ये मेडिकेडमधून अवयव प्रत्यारोपणाचे पैसे देणं थांबवलं आणि ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेला सात वर्षांचा मुलगा, घरचे प्रत्यारोपणासाठी वर्गणी गोळा करत असतानाच, दगावला. त्यानंतर राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहाबर, जे स्वतः आपत्कालीन विभागात डॉक्टर होते, यांनी उपचारांची क्रमवार यादी करण्याचा आग्रह धरला. १९९० चा पहिला मसुदा फसला. खर्च आणि फायद्याच्या निव्वळ सूत्राच्या जोरावर त्यात दातावरची टोपी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर गेली होती. मग जाहीर सभा, दुरुस्त्या, केंद्राचा नकार, पुन्हा दुरुस्त्या. १९९४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा यादीतल्या ६९६ ओळींपैकी ५६५ व्या ओळीखाली रेघ ओढली होती आणि तिच्या वरचे उपचार मिळत होते. रेघेखालचे उपचार कुणालाच नाहीत, आणि ती रेघ कुठे आहे हे प्रत्येकाला वाचता येत होतं. त्या बदल्यात, पूर्वी योजनेबाहेर असलेल्या हजारो गरिबांना आत घेतलं गेलं. पुढे २००३ मध्ये याच राज्याने योजनेतल्या एका गटाने भरायचे हप्ते वाढवून वसुली कडक केली आणि वर्षभरात त्या गटातले जवळपास निम्मे लोक बाहेर पडले, तेही मी विसरलेलो नाही.

पण १९९४ ची ती रेघ ही मर्यादाच होती, आणि मला ती मान्य आहे. म्हणजे माझं वाक्य चुकलं होतं. ते आज बदललं आहे. आता तिथे असं आहे: 'कोणते उपचार द्यायचे याची मर्यादा राज्याने सगळ्यांसमोर ठरवावी, पाचांतली कुठली डबी सोडायची हे काउंटरवर उभ्या असलेल्या आजारी माणसावर टाकू नये.' यावरही तुमची हरकत असेल तर जरूर लिहा.