‘हा कोर्स गोल्फरांचा नाही, शेळ्यांचा आहे’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तक्रारी थोडक्यात अशा: कोर्स मुद्दाम अवघड केलाय, स्लोप (कोर्स किती अवघड याचा आकडा) 135 हा जाहिरातीचा आकडा आहे, अंतराच्या पाट्या खोट्या आहेत, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) संथ आहेत, कार्टची (गोल्फच्या गाडीची) सक्ती म्हणजे लूट आहे आणि कॅडीला (क्लब वाहून सल्ला देणाऱ्याला) काही कळत नाही. पुण्यातल्या सपाट कोर्सवर नव्वदच्या आत खेळणारे तुम्ही, इथे 104 फटके मारून गेलात. शेळ्यांचं म्हणाल तर शेजारच्या वाडीतल्या शेळ्या येतात खऱ्या, पण सकाळी सातच्या आत.

आधी स्लोप. तो मालक ठरवत नाही. आपल्याकडे रेटिंगचं काम इंडियन गोल्फ युनियनच्या अखत्यारीत येतं. चढउतार, कोपरे, वारा, रफ (वाढलेलं गवत), आडवे येणारे ओढे, ग्रीनचा उतार असं एकेक तपासून आकडा निघतो. प्रमाण स्लोप 113, कमाल 155. कसलेल्या स्क्रॅच खेळाडूच्या मानाने बोगी गोल्फरला, म्हणजे साधारण हौशी खेळाडूला, कोर्स किती जास्त छळतो, एवढंच तो सांगतो. रेटिंग करताना बोगी गोल्फरचा ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) 200 यार्ड धरतात, स्क्रॅचचा 250. तिसऱ्या होलवर निळ्या टीवरून (टी म्हणजे सुरुवातीची जागा; निळी लांबची, पांढरी जवळची) नुसता ओढा ओलांडायलाच जवळपास 200 लागतात. तुमचा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीचा आकडा) 18. निळ्या टीवरून तुम्हाला 18 नव्हे, 18 गुणिले 135 भागिले 113, म्हणजे साडेएकवीस फटके सवलतीचे मिळतात आणि त्यात कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूला लागणारे फटके) व पार (कोर्ससाठी ठरलेले फटके) यांतला फरक धरायचा. 104 मधून सरळ 18 वजा करून ‘मी इतका वाईट खेळत नाही’ असं लिहिलंत, ते गणितच इथे लागू होत नाही. स्टार्टरने (खेळ सुरू करून देणाऱ्याने) पांढरी टी सुचवली होती. निळी तुम्ही निवडलीत, तो तुमचा हक्क आहे. नव्या कोर्सचं रेटिंग पहिल्या पाच वर्षांत पुन्हा करावं लागतं. तेव्हा आकडा खाली आला तर खालचाच छापू.

आता 104 मधले काही फटके मी तुम्हाला परत देऊ शकतो. डावीकडच्या कारवीच्या झुडपांत नऊ बॉल गेले आणि दर वेळी टीवर परत येऊन खेळावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या कडेला लाल खुंट्या आहेत. 2019 च्या नियमांपासून पेनल्टी एरियाला (बॉल गेला तर दंड घेऊन बाहेरून खेळता येतं अशा जागेला) पाणी असावंच लागत नाही, त्यामुळे ती अख्खी घळ आम्ही तशी आखली आहे. बॉल तिथे गेल्याची खात्री असेल तर एक दंडाचा फटका घ्यायचा आणि जिथून तो कड ओलांडून गेला तिथून दोन क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, बॉल हातातून खाली सोडायचा (ड्रॉप). टीवर परत जायची गरज नव्हती. शोधायलाही तीनच मिनिटं असतात. फेरी साडेपाच तास चालली याचं बरंचसं उत्तर यात आहे. (कारवीत उतरू नका, हे कार्डावर ठळक छापलंय ते सापांमुळे.)

सातव्या होलवर ‘मधोमध मारलेला बॉलही उजवीकडच्या रफमध्ये जातो, हा कसला न्याय’ असं म्हणता. तो फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) डावीकडून उजवीकडे उतरतो. मधोमध मारणं हीच तिथे चूक. डावीकडच्या ऐनाच्या झाडावर नेम धरला की बॉल घरंगळत मध्यावर येतो. दुसऱ्या फटक्याला उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल पावलांच्या पातळीखाली असतो, म्हणजे तोही उजवीकडेच सुटणार. पुन्हा डावीकडे नेम. मला विचाराल तर अख्ख्या कोर्सवर हाच होल सगळ्यात सरस आहे, आणि तो बदलणार नाही.

‘बुलडोझर लावून सपाट करायला काय झालं होतं’ या वाक्यावर मात्र थांबलो. कोर्स मावळात आहे. इथे मुरमाचा पातळ थर, खाली काळा पाषाण आणि वर चार महिन्यांचा पाऊस. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर आला, दीडशेहून अधिक माणसं गेली, ते गाव इथून फार लांब नाही. डोंगर खणून सपाट फेअरवे करायचा म्हणजे वरचा उतार मोकळा करायचा आणि पाण्याची वाट अडवायची. आम्ही टी आणि ग्रीनपुरतीच माती हलवली, बाकी चर काढून पाण्याला वाट दिली.

ग्रीन संथ आहेत, हे खरं. संथच ठेवतो. उतरत्या ग्रीनवर हरळी अगदी बारीक कापून वेग वाढवला तर वरून होलकडे हलकेच ढकललेला बॉल थांबतच नाही, थेट फेअरवेवर जातो. मग तुम्हीच एक तारा दिला असता.

कार्टचं असं आहे की एका ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत काही ठिकाणी चांगला चढ आहे. ज्यांना चालायचंय त्यांच्यासाठी सकाळच्या पहिल्या वेळा कार्टविना खुल्या आहेत, बुकिंग करताना सांगावं लागतं. ग्रीन फी (खेळण्याचं शुल्क) मात्र परत मिळणार नाही.

शेवटी पाट्या आणि कॅडी, कारण ही एकच गोष्ट आहे. पाटीवर आडवं अंतर असतं, चढ त्यात धरलेला नसतो. नवव्याचं ग्रीन पाटीपासून साधारण 60 फूट उंच आहे. तीन फुटांना एक यार्ड हा ढोबळ हिशेब धरला तर 150 चे 170 होतात. तुमच्या रेंजफाइंडरमध्ये (अंतर मोजणाऱ्या यंत्रात) चढउतार धरणारा स्लोप मोड असेल तर तो हेच सांगेल (स्पर्धेत तो बंद ठेवावा लागतो). तुम्ही लिहिलंय, ‘कॅडी म्हणाला पाच नंबर घ्या, मी सात नंबरच मारला, बॉल बंकरमध्ये, पाटी चुकीची.’ तो मुलगा याच डोंगरावर वाढलाय आणि त्याने सांगितलेला पाच नंबर, म्हणजे सातपेक्षा लांब मारणारा क्लब, बरोबर होता. दोन तारे राहू द्या, हरकत नाही. त्याच्याबद्दलचं वाक्य तेवढं काढावं, ही विनंती.