जीएम पिकांनी ‘काहीच बिघडलं नाही’ म्हणे!

जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जीन (जनुक) बदललेल्या पिकांवरचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. सार असं: तीस वर्षांत निसर्गाचं काही बिघडलं नाही, जीन शेताबाहेर जात नाही, फवारणी घटली, मग सरकारी नियम ही निव्वळ अडवणूक. ही पिकं म्हणजे विष, असं माझं म्हणणं नाही. बीटी मक्याचे, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचा जीन घातलेल्या मक्याचे, पराग खाऊन मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या मरतात, अशी ओरड 1999 मध्ये झाली. प्रत्यक्ष शेतांत तपासलं तेव्हा, 2001 मध्ये, तो धोका नगण्य निघाला. पण तपासलं म्हणून कळलं ना!

जीन शेताबाहेर जात नाही? अमेरिकेत ओरेगन राज्यात 2003 मध्ये गोल्फच्या मैदानांसाठीचं बेंटग्रास चाचणीला लावलं होतं, ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तरी न मरणारं. बी धुळीसारखं बारीक, पराग वाऱ्यावर. त्याचा जीन 21 किलोमीटरवरच्या गवताच्या बियांत सापडला. 2007 मध्ये कंपनीने 5 लाख डॉलर दंड भरला. गवत कालव्यांच्या काठाने वाढतच राहिलं, आणि नष्ट करायला गेलं तर नेहमीचं तणनाशक त्यावर चालेना. शेवटी 2017 मध्ये कृषी खात्याने त्याला नियमांतूनच मोकळं केलं. हात टेकले, दुसरं काय!

फवारणीचं अर्धंच खरं. बीटी कापसावरची कीटकनाशकं सुरुवातीला घटली, मान्य. तणनाशकाचं उलट झालं: ग्लायफोसेट सोसणारी जीएम पिकं आली आणि शेतभर तेच मारलं जाऊ लागलं. दरवर्षी तेच औषध मारलं की जे तण वाचतं तेच बी धरतं. राजगिऱ्याच्या कुळातलं पामर अमरँथ हे तण ग्लायफोसेटला जुमानत नाही, हे अमेरिकेतल्या जॉर्जियात 2005 मध्ये सिद्ध झालं; त्याच्या एकेका झाडाला लाखो बिया. मग आलं डायकांबा हे दुसरं तणनाशक सोसणारं सोयाबीन. बियाण्याला परवानगी देणारं खातं एक, फवाऱ्याला देणारं दुसरं. 2016 च्या हंगामात बियाणं शेतात पोचलं, त्यावर मारायच्या नव्या, कमी उडणाऱ्या औषधाला मंजुरीच नव्हती. काहींनी जुनंच मारलं. ते उडून शेजारच्या साध्या सोयाबीनवर गेलं आणि पानांचे द्रोण झाले. नुकसान कोणाचं, तर ज्याने ते बियाणं घेतलंच नव्हतं त्याचं.

आता ‘अडवणुकी’कडे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात नियम म्हणून बीटीशेजारी साधा कापूस राखला, म्हणजे बीटीला न सरावलेल्या गुलाबी बोंडअळ्याही टिकाव्यात, सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहावा आणि बीटी पचवणाऱ्या अळ्या वाढू नयेत. नंतर या अळीचे वंध्य केलेले पतंग सोडले, म्हणजे पुढची पिढीच होऊ नये. 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. भारतात हाच नियम बियाण्याच्या पाकिटातून यायचा: 450 ग्रॅम बीटी, सोबत साध्या बियांची 120 ग्रॅमची पुडी. ती पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. एका जीनचं बीटी अळीने पचवलं, मग दोन जीनचंही.