पाऊण कप पाणी

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला. 'सर्व सभासदांस नम्र विनंती. पाणी बंद असलेल्या दिवशी साठवणीतील पाणी हौशी खाद्यप्रयोगांसाठी वापरू नये. काल एका सभासदाकडे असा प्रकार निदर्शनास आला आहे.' त्याखाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. विचारलं तर म्हणतो, वाचलं नव्हतं, सवयीने दिला.

तो एक सभासद म्हणजे मी. प्रयोग म्हणजे चॉकलेट मूस, म्हणजे चमच्याने खायचं फेसाळ, हलकं गोड. आणि पाणी, ज्यासाठी माझी गावभर शोभा झाली, ते पाऊण कप.

आमचा सात मैत्रिणींचा कॉलेजपासूनचा कंपू महिन्यातून एकदा भेटतो, तो गुरुवारी. कारण एकीची कंपनी भोसरीला आणि तिकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा. 'गोड तू आण गं. सोपंसं काहीतरी कर, चॉकलेटचं वगैरे. तू घरीच असतेस ना.' मी घरी असते हे खरं आहे. घरी बसून मी विम्याच्या अटी आणि कीटकनाशकांची माहितीपत्रकं मराठीत आणते, दर शब्दाला पैसे मिळतात, आणि 'घरीच असतेस ना' या तीन शब्दांचे आजवर कोणी दिलेले नाहीत.

सोपंसं म्हणजे काय, ते सांगते. सगळ्यात सोपी ती मारी बिस्किटांची वळकटी. चुरा, कोको, लोणी, कंडेन्स्ड मिल्क, मळून गुंडाळायचं आणि फ्रीजमध्ये टाकायचं. तासाभराने चकत्या कापायच्या. गेली वीस वर्षं मी तीच नेत होते आणि कोणाची तक्रार नव्हती. पण एकीने फेब्रुवारीत मैदा सोडला. मग मगातला केकही बाद. तो तसाही नव्वद सेकंदांत होतो आणि पुढच्या नव्वद सेकंदांत खाल्ला नाही तर त्याने भांडी घासता येतात. अंड्याचं मूस करावं तर गुरुवार, दोघींचं अंडं बंद. क्रीम फेटून हलकं मूस करावं, तर टेट्रापॅकमधल्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश असतो २५ टक्के. फुगायला निदान ३० तरी लागतो. दिवाळीत मी हे न वाचता चाळीस मिनिटं फेटत बसले होते. शेवटी ते क्रीम तसंच राहिलं, आणि माझा खांदा मात्र फुगला.

राहिलं काय, तर चॉकलेट वितळवायचं, त्यात गरम क्रीम कालवायचं, ग्लासांत ओतायचं आणि गार करायचं. हे माकडालाही जमेल. चॉकलेट आणायला गेले तर दुकानातल्या मुलाने विचारलं, 'कंपाउंड की खरं?' कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, म्हणून ते स्वस्त आणि वागायला गरीब. मी ताठ मानेने खरं घेतलं, २०० ग्रॅम. त्या किमतीत वळकट्या सहा झाल्या असत्या. घरी पोचेपर्यंत ते स्कूटरच्या डिकीत मऊ पडलं होतं, कारण कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि बाहेर होते ३८. आता वाटतं, तसंच डिकीत ठेवून दोन चकरा मारल्या असत्या तर पुढचं रामायण टळलं असतं.

पण मी शास्त्रोक्त करायला गेले. पातेल्यात चार बोटं पाणी, वर स्टीलचं भांडं, भांड्यात तुकडे. छान वितळलं. आरशासारखं. मी वाकून स्वतःचं तोंडही पाहिलं त्यात. मग भांडं उचलताना काठाला वाफेचं पाणी होतं, ते ओघळून आत पडलं. चमचाभरसुद्धा नसेल. तो आरसा डोळ्यांदेखत खरबरीत झाला, मग रवाळ, आणि चार वेळा ढवळल्यावर चमच्याला एक काळा गोळा लोंबायला लागला. गाडीला ग्रीस लावतात ना, त्यात वाळू पडल्यावर होईल तसा.

यावर उपाय मला माहीत होता. क्रीम ओतायचं. फ्रीजमधून खोका काढला आणि हलवला, तर रिकामा. रिकामा खोका परत फ्रीजमध्ये नेऊन ठेवणारी व्यक्ती आमच्या घरात एकच आहे, आणि तिनेच आज सकाळी अंगठा दिलाय. दूध सकाळी सगळं विरजलेलं.

एवढ्यात दारात काका.

काका म्हणजे तळमजल्यावरचे, पंच्याहत्तरीचे, आणि गेली नऊ वर्षं सेक्रेटरी, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. गुरुवारी नळाचं पाणी बंद असलं की ते दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन टाकीत काठी बुडवतात. त्या काठीवर त्यांनी तीन-तीन इंचांवर खुणा केल्यात. मग ती ओली काठी हातात धरून मजल्या-मजल्यावर आकडा सांगत उतरतात. आणखी एक. काका म्हणून बोलताना ते मला 'तू' म्हणतात आणि सेक्रेटरी म्हणून बोलताना 'तुम्ही'. मधे कसलीही पूर्वसूचना नसते.

'सात इंच उरलंय,' ते म्हणाले. मग नाक वर करून, 'काय जळलं गं?'

'जळलं नाही काका. चॉकलेट बिघडलं. पाणी पडलं त्यात.'

'पाणी?' काठी जमिनीवर टेकली. 'तुमच्याकडे आज पाणी कुठून आलं?'

मी म्हटलं, थेंब होता. तर ते चपला काढून सरळ ओट्यापाशी आले आणि भांड्यात नाही, वर छताकडे पाहायला लागले. 'वरच्यांचं बाथरूम बरोब्बर इथेच येतं. मी मागच्याच सभेत म्हटलं होतं, गळती आहे.' आणि त्यांनी काठीने छत ठोकलं. तीनदा. वरून कोणीतरी तीनदा परत ठोकलं. माझ्या ओट्यावर काठीचे दोन थेंब पडले, फरशीवर चार. ते कोणाच्या हिशोबात धरायचे हे मी विचारलं नाही.

'काका, गळती नाही. वाफेचं पाणी आहे.'

'वाफ म्हणजे वायाच ना.' गळती नाही हे ऐकून त्यांचा जरा हिरमोडच झाला. 'मग आता हे टाकून देणार तुम्ही?'

'नाही. आता ह्यात पाणी घालायचं.'

काका माझ्याकडे बघतच राहिले. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे आपण जितक्या मायेने बघतो, तितक्या मायेने. 'अगं, पाण्यानेच बिघडलं ना?'

'थोडं पडलं म्हणून बिघडलं. भरपूर घातलं की सुधारतं.' मग मी समजावलं. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की कसे खडे होतात? चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोची बारीक पूड तुपात बुडाल्यासारखी कोरडी असते. थेंबभर पाणी मिळालं की साखर चिकट होते आणि कण एकमेकांना धरून बसतात. पण डब्यात तांब्याभर पाणी ओतलं तर खडे राहतील का? विरघळतील. इथेही तसंच. 'आणि एर्वे तीस नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आहेत,' मी जोरात आले होते, 'त्यांनी नुसतं चॉकलेट आणि पाणी घेऊन—'

'तीस?' काका ओरडले. 'तीस काय, लिटर?'

'आडनाव आहे त्यांचं, काका.'

'पाणी किती?'

'पाऊण कप.'

'कप आणा बघू.' मी मोजायचा कप आणला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, पाऊणच्या रेघेवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि विचारलं, 'अर्ध्यात नाही का भागत?'

आता हे लक्षात घ्या. पाणी माझं. बुधवारी रात्री मीच पिंपात भरून, गाळून, उकळून ठेवलेलं. चॉकलेट माझं, गॅस माझा, कप माझा. आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून घासाघीस करतेय. पाऊण का लागतं हे एका माणसाला पटवून देतेय. आणि पटवतेय तेही अजिजीने. मला त्या गोळ्याचा एवढा राग आला नाही जेवढा स्वतःच्या आवाजाचा आला.

'शिवाय बर्फ लागेल,' मी म्हटलं. 'भांडं बर्फावर ठेवून फेटायचं असतं. मग ते क्रीमसारखं फुगतं.'

'बर्फ म्हणजे कोण? पाणीच की.' मग ते माझ्या स्टुलावर बसले. काका स्टुलावर बसले की पानशेत येतं, हे आमच्या सोसायटीत लहान मुलांनाही ठाऊक आहे. 'पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा. १२ जुलै १९६१. आमचं नारायण पेठेतलं घर छपरापर्यंत पाण्यात. आणि पूर ओसरल्यावर गंमत सांगू? प्यायला पाणी नाही. खडकवासलाही फुटलेलं ना, मग येणार कुठून? आईने चिखलातून हंडा उकरून काढला आणि तो भरायला टँकरपाशी आम्ही दोघं उभे.' इथे ते थांबले. त्यांचा तो अंगठा अजून कपाच्या रेघेवरच होता. ही गोष्ट मी नऊ वर्षांत चौदा वेळा ऐकलीय आणि हंड्यापाशी दरवेळी गप्प होते. कालही झाले. पण माझा गोळा गार होऊन दगड होत होता आणि पाच वाजता मला निघायचं होतं, हेही खरं.

'घे पाऊण,' काका म्हणाले. तू-वर आले होते.

पाणी गरम करून थोडं थोडं ओतलं. आधी आणखीच विचित्र दिसायला लागलं, तेलकट चिखल, आणि काकांनी 'बघ, मी म्हटलं नव्हतं' म्हणायला तोंड उघडलंही. तेवढ्यात ते सुटलं. एका क्षणात. चमच्यावरून रेशमासारखी धार पडायला लागली. काका उठून उभे राहिले. 'भांडं मी धरतो, तू फेट,' म्हणाले. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या भांड्याला झोंबत होतो. फेसही धरायला लागला होता. आणि तिथे बर्फ संपला. दुसरा ट्रे काढायला मी फ्रीज उघडला तर मागून आवाज आला, 'तो राहू द्या तुम्ही.'

एका ट्रेवर मूस होत नाही. झालं ते मऊसर, ढोकळ्याच्या पिठाइतपत घट्ट. काकांनी चमचाभर चाटून पाहिलं, 'साखर कमी आहे,' म्हणाले, आणि वितळलेला बर्फ मी तुळशीला घालेपर्यंत दारातून हलले नाहीत.

ग्लास डिकीत उभे राहत नाहीत, म्हणून टॉवेल गुंडाळून पायाशी पिशवीत ठेवले आणि कर्वेनगर ते सहकारनगर, राजाराम पुलावरून, प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखत पोचले. तिथे मैत्रिणीच्या सासूबाईंनी पहिला ग्लास घेतला, दोन चमचे खाल्ले आणि तृप्त आवाजात म्हणाल्या, 'नाचणीचं सत्त्व अगदी छान जमलंय हो. गूळ घातलास का?'

यावर कोणी हसलं असतं तरी चाललं असतं. पण मैत्रीण कपाळाला आठ्या घालून म्हणाली, 'अगं, चॉकलेटचं ठरलं होतं ना आपलं?' मग मैदा सोडलेलीने नाचणी किती पौष्टिक यावर भाषण दिलं. मी म्हटलं, हे चॉकलेटच आहे. 'हो का? मग ठीक आहे,' असं एकजण म्हणाली. ठीक आहे! आणि जिने येता येता दुकानातून पाव किलो बाकरवडी उचलली होती तिला सगळ्या म्हणत होत्या, 'कसलं सुचतं गं तुला, बेस्ट केलंस.' ती बाकरवडी मैद्याची होती. मैदा सोडलेलीने सहा खाल्ल्या. मी मोजत होते.

हे मी हसत लिहितेय, पण कालपासून मनात एक खुपतंय. बाकरवडीला दहा मिनिटं आणि पैसे लागले, आणि माझी अख्खी दुपार गेली. विम्याची चार पानं आज पहाटे उठून केली. पण दुपार कोणाला दिसत नाही, कारण मी घरीच असते. निघताना पुढच्या महिन्याचं ठरलं. गोड माझ्याकडेच. 'ते नाचणीचंच आण परत, सासूबाईंना आवडलं.'

सकाळचा तो निरोप पाहून मी ग्रुपवर उत्तर टाइप केलं. माझं पिंप, माझा कप, त्यांच्या काठीचे सहा थेंब, सगळं. पाठवायच्या आत काकांचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. 'ग्रुपवरचं सेक्रेटरी म्हणून लिहिलं आहे. तू मनावर घेऊ नकोस. त्यातला एखादा ग्लास उरला असेल तर खाली पाठव.'

उरलाय एक. आज शुक्रवार. पेपरात नेहमीचंच छापून आलंय, सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल म्हणून. ग्लासही तसाच पाठवेन.