सत्तर तासांचा हिशेब

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता टाळ्यांचा पाऊस पडला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर पोचले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असं विचारून बसले. तेव्हा निम्म्या काकूंनी टाळ्या परत घेतल्या. सूर मात्र तोच राहिला: हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत.

मी अकरा वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. इथल्या १९९४ च्या कायद्यानं दिवसाला आठ तास काम, पुढे सरासरी भरून काढायच्या बोलीवर फार तर दहा. सहाही दिवस दहा-दहा तास राबलं तरी साठच होतात.

गेल्या हिवाळ्यात एक ऑर्डर अडकली होती. आमच्याकडे एकोणीस वर्षांचा शिकाऊ मुलगा आहे. आउसबिल्डुंग करतो, म्हणजे आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे पगारी, आमच्या मशीनवर. सकाळी सहाला आलेला हा पठ्ठ्या पावणेपाचला हात पुसायला लागला. म्हटलं, अर्धा तास थांबतोस का? त्यानं घड्याळाकडे बोट केलं. ‘दहा भरले.’ माइस्टरनं, म्हणजे आमच्या वरच्या कारागिरानं, त्याला घरी धाडलं आणि वर मलाच झापलं.

खोटं कशाला सांगू, राग आला. चिंचवडला ट्रेनी होतो तेव्हा साहेब उठल्याशिवाय मी खुर्ची सोडली नाही. काम संपलेलं असायचं, बॅग भरून पायाशी ठेवलेली असायची, आणि आम्ही चौघं-पाच जण एक्सेल उघडून बसलेलो. ते तास मी आजवर ‘कष्ट’ या खात्यात जमा धरत आलो होतो.

इथंही सगळं आलबेल आहे असं नाही. चार दिवसांचा आठवडा आणि वर्क-लाइफ बॅलन्स यांच्या जोरावर देशाची समृद्धी टिकणार नाही, असं चान्सलर मेर्त्स मे २०२५ मध्ये बोललेच. जर्मन माणसाचे वर्षाचे सरासरी तास १,३४० च्या आसपास, श्रीमंत देशांत अगदी तळाला. त्यात अर्धवेळ काम करणाऱ्या बायका पुष्कळ, हे बोलताना कुणी सांगत नाही. म्हातारे तरुणांवर इथंही वैतागतातच. फरक एवढाच की वैतागलेल्या म्हाताऱ्याला त्या पोराला थांबवून घेता येत नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. १९४८ चा कारखाने अधिनियम नोव्हेंबर २०२५ पर्यंत आठवड्याला ४८ तास म्हणायचा, दुकानं-कार्यालयांसाठीचा राज्याचा २०१७ चा कायदाही ४८ च म्हणतो. पण त्यावर बोट ठेवणाऱ्याच्या जागी दुसरा कुणीतरी उद्या सकाळी हजर होतो, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. मग ती सरकारी नोकरीच्या मागे लागतात, आणि आपण म्हणतो, यांना आराम हवाय!

ताईचा मुलगा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चौथं वर्ष काढतोय. सकाळी सातला खुर्ची धरतो, रात्री दहाला उठतो. जेवणाची सुट्टी वजा करा, सत्तरच्या वरच जातात. पगार शून्य, उलट खुर्चीचं भाडं भरायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली, म्हणून पुण्यात मुलं रात्रभर रस्त्यावर बसली, त्यात हाही होता. एमपीएससीची परीक्षा पुढे गेली ती थेट १ डिसेंबरला. आणि याच मुलाला मागच्या दिवाळीत माझ्या भावानं सगळ्यांदेखत विचारलं, ‘तुमच्या पिढीला घाम गाळायला काय होतं रे?’ मीही व्हिडिओ कॉलवर होतो. गप्प बसलो. इतक्या लांबून घरातल्या भांडणात पडायचं नाही, असा नियम केलाय मी, फार सोयीचा आहे.

परवा त्याचा फोन आला. जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मधली लेव्हल किती महिन्यांत होते, आउसबिल्डुंगला वयाची अट असते का, असं विचारत होता. अभ्यासिकेतल्या तिघांनी म्हणे क्लास लावलाय.

‘आणि एमपीएससी?’

‘सोडली नाहीये रे मामा. सकाळी साडेपाच ते साडेसहा जर्मन, मग अभ्यासिका.’ थोडं थांबून म्हणाला, ‘आईला सांगू नकोस.’