गाळ किती काढला, हा निकष नव्हे

वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीचं सुमारे 24 किलोमीटर पात्र गाळ काढून खोल-रुंद केलं, म्हणून पूरप्रकल्प यशस्वी, असं एका लेखात म्हटलंय. हे झालं काम. परिणाम वेगळा मोजावा लागतो. यंदा पाणी कमी चढलं तर आधी वरच्या आजवा धरणातून किती पाणी सुटलं आणि पाऊस किती पडला ते बघा. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांवर गेलं होतं. तेवढ्याच विसर्गाला आता शहरातल्या काला घोडा पुलापाशी पातळी किती, ही खरी तुलना.

पात्राचे आडवे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंतची रुंदी-खोलीची मापं, ठरलेल्या जागांवरच, पावसाळ्याआधी आणि नंतर घ्यायचे. काठ उभे कापले की माती ढासळते, तीच गाळ होऊन तळाशी बसते; पहिल्या वर्षाचे आकडे म्हणूनच फसवतात.

आणि कांस, म्हणजे पावसाचं पाणी नदीत सोडणारे नाले, कोणी तपासल्या? नदी चढली की पाणी कांसेच्या तोंडातून उलटं वस्तीत शिरतं. तिथे झडप आहे का, कचरा अडकून अर्धी उघडी राहते का, हे उभं राहून पाहायला हवं.

पुराच्या इशाऱ्याचंही तसंच. मेसेज कधी सुटला हे नको. परशुराम भठ्ठा या नदीकाठच्या वस्तीतल्या तळमजल्यावरच्या आजींना तो कधी कळला आणि उंबऱ्याला पाणी कधी लागलं, त्यातलं अंतर घरोघरी विचारून नोंदवा, तेही पूर ओसरल्यावर महिन्याभरात.